गायीला माती चारावी कशी?

गायीच्या पोटात विष घालायचं तर लोक उगाच आडमार्गाला जातात. वैरणीवर काहीतरी शिंपडतात, पाण्यात कालवतात आणि पकडले जातात. तुम्ही असला आचरटपणा करू नका. कॅरिबियन समुद्रात ग्वादेलूप आणि मार्टिनिक ही दोन फ्रेंच बेटं आहेत. तिथे गायीच्या जवळसुद्धा न फिरकता हे काम तडीस गेलं. गिरवायचा तर तो कित्ता गिरवा.

सुरुवात केळीपासून करा. केळी लावली की कंद पोखरणारा सोंड्या भुंगा येतो, आणि तो आला की औषध टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. बेटांवर 1972 पासून क्लोरडेकोन टाकायला लागले. 1975 साली अमेरिकेतल्या होपवेल गावात हेच औषध बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार लटालटा कापू लागले. कारखाना बंद झाला, शेजारच्या जेम्स नदीतली मासेमारीही थांबली. पण अमेरिका लांब आहे, तुम्ही मन घट्ट ठेवा. फ्रान्सने 1990 साली बंदी घातली आणि बेटांना 1993 पर्यंत सवलत दिली. मुलीचं लग्न ठरलंय म्हणून चार दिवस मागून घ्यावेत, तशी.

केळ्यांची चिंता नको. हे औषध फळात उतरत नाही. केळी स्वच्छ निघतात, बोटीत बसून पॅरिसला जातात. विष तेवढं घरच्या मातीत राहतं.

आता गाय. गाय गवत खाते, असं आपण दुसरीत शिकलो. तिला वरचे पुढचे दातच नसतात. ती गवताला जिभेचा वेढा घालते आणि हिसडा देते. गवत हातभर उंच असेल तर शेंडे तोंडात येतात आणि तुमची सगळी मेहनत फुकट. म्हणून गवत वाढू द्यायचं नाही. त्या बेटांवर पुष्कळ जण गाय मेखेला लांब दाव्यानं बांधून चारतात. (आपल्याकडे बांधावर हेच चालतं, तेव्हा निम्मी तयारी झालेलीच आहे.) पहिल्या दिवशी दाव्याच्या घेरात ती निवडून खाते, दुसऱ्या दिवशी उरलंसुरलं, आणि पुढे खुरटलेल्या बुडख्यांना हिसडे देते. मुळं येतात, मुळांबरोबर ढेकूळ येतं. मेख हलवायचा कंटाळा करणं, एवढंच तुमच्याकडे काम. पाऊस लागला तर सोन्याहून पिवळं. खुरांनी चिखल होतो, थेंबांबरोबर माती उडून पात्यांवर बसते. दिवसाला 10 किलो सुका चारा खाणाऱ्या गायीच्या पोटात शेकडा 5 भाग माती गेली, तरी अर्धा किलो झाली. शास्त्रज्ञ हे कसं मोजतात? शेणातलं टायटॅनियम तपासून. मातीत ते भरपूर असतं, गवतात जवळपास नसतं. शेण खोटं बोलत नाही, म्हणून शेण कुणाच्या हाती लागू देऊ नका.

एखादा शहाणा भेटेलच. म्हणेल, ज्वालामुखीची माती या औषधाला अशी घट्ट धरते की इतक्या वर्षांच्या पावसानंही ते धुऊन निघालेलं नाही, मग गायीच्या पोटात ते सुटणार कसं? त्याला चहा पाजा. डुकरांच्या पिलांवर हे तपासून झालंय. पावसाला दाद न देणारी माती आतड्यात गेली की हात सैल सोडते. मातीतून गेलेलं क्लोरडेकोन तेलात कालवून दिल्याइतकंच अंगी लागतं. मग यकृत, मग चरबी, मग खाटीक, मग तुमचं ताट. दोन्ही बेटांवरच्या दर दहा प्रौढांमधल्या नऊहून अधिक जणांच्या रक्तात क्लोरडेकोन सापडलंय. अर्थात सगळं श्रेय गायीला देता येणार नाही. मासे आणि कंदमुळंही राबलीत.

एका गोष्टीपासून मात्र जपा. गाय स्वच्छ कुरणात हलवली, किंवा गोठ्यात गव्हाणीत चारा टाकला, तर काही महिन्यांत तिच्या अंगातलं हे औषध उतरतं. वीस वर्षं जमिनीत पेरलेलं सगळं एका गव्हाणीपायी वाया! तेव्हा माती तपासायला देऊ नका, आणि कुठल्या शेतात काय टाकलं होतं हे म्हाताऱ्यांना विचारत बसू नका.

पोलीस-कोर्टाची धास्ती असेल तर तीही सोडा. तिथल्या लोकांनी 2006 साली तक्रार केली. 2 जानेवारी 2023 रोजी पॅरिसच्या न्यायाधीशांनी हा आरोग्याचा घोटाळाच असल्याचं मान्य केलं आणि कुणावरही खटला न चालवता प्रकरण मिटवलं.

मेख कालच्याच जागी आहे ना?