सीसीत साहेब, बीसीसीत नशीब

विमा कंपनीतल्या माणसांना जोखमीची भीती वाटत नाही, असा बाहेरच्यांचा समज असतो. आम्हाला ती चार आणे जास्तच वाटते. फक्त ती दुसऱ्याच्या गळ्यात कशी घालायची, याचं आमचं रीतसर प्रशिक्षण झालेलं असतं. कंपनी स्वतःच्या अंगावरची थोडी जोखीम दुसऱ्या कंपनीकडे सरकवते, त्याला पुनर्विमा म्हणतात. तेच काम टेबलावर बसून केलं की त्याला साहेबांना सीसीत घेणं म्हणतात. मेलच्या सीसीत तीन नावं दिसली की मजकूर वाचायची गरज उरत नाही. कुठेतरी काहीतरी बुडतंय आणि लिहिणाऱ्याने होडीतून उडी मारलेली आहे.

भाषाही ठरलेली असते. ‘ॲज डिस्कस्ड’ म्हणजे बोलणं तोंडी झालं होतं, आता पुरावा तयार होतोय. ‘फॉर युवर इन्फर्मेशन’ म्हणजे आजपासून हे लोढणं तुझं. ‘प्लीज डू द नीडफुल’मधलं नीडफुल नक्की काय, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ठाऊक असतं तर त्यानेच केलं नसतं का!

या सगळ्याला उकळी फुटते महिनाअखेरीला. आधी पॉलिसी कशी जन्माला येते ते सांगायला हवं. प्रपोजल फॉर्म, ओळखीचा आणि वयाचा पुरावा, एवढं सिस्टिममध्ये चढलं की झालं लॉगिन. मग छाननी. मग अंडररायटर, म्हणजे ही जोखीम घ्यायची का आणि घ्यायची तर किती हप्त्याला, हे ठरवणारा माणूस, फाईल उघडतो आणि हमखास काहीतरी मागतो: रक्ततपासणी, उत्पन्नाचा दाखला, जुन्या ऑपरेशनचे कागद. ही रिक्वायरमेंट. ती पुरी झाली आणि त्याचं समाधान झालं, तर पॉलिसी इश्यू होते. सेल्सवाले लॉगिन मोजतात, हेड ऑफिस इश्यू झालेल्या मोजतं, आणि या दोन आकड्यांमधल्या दरीत ब्रँच मॅनेजर राहतो. सकाळच्या रिव्ह्यूत तो लॉगिनचा आकडा छाती काढून सांगतो. वरून आवाज येतो, “इश्यू किती?” “पाइपलाइनमध्ये आहेत, सर.” हा शब्द ज्याने काढला त्याचे उपकार मानावेत. नळाला पाणी नसलं तरी पाइप दाखवता येतो.

टार्गेट महिन्याचं, म्हणून फॉर्मांचा लोंढा शेवटच्या तीन दिवसांत. अंडररायटर मात्र एक तारखेला होते तेवढेच. तीस तारखेला संध्याकाळी पाचला आलेला फॉर्म ओळखू येतो. उंचीच्या रकान्यात नुसतंच 5.6, मग ते पाच फूट सहा इंच की पाच पूर्णांक सहा, देव जाणे. फॉर्मवर एक सही, चेकवर तिची लांबची बहीण. तंबाखूच्या प्रश्नाला ‘नाही’ आणि त्याच्या शेजारी खोडलेलं ‘कधीकधी’. खोडलेल्या जागी ग्राहकाची सही लागते. ती नसते, फॉर्म परत येतो, तोवर ग्राहकाचा फोन लागत नाही. घाईत वाचलेली दहा मिनिटं पुढच्या महिन्यातले आठ दिवस खातात, आणि हे सगळ्यांना माहीत असतं, आणि पुढच्या तीस तारखेलाही पाचच वाजतात.

बऱ्याच ऑफिसांत दर लॉगिनला फ्लोअरवर घंटा वाजवतात, वर टाळ्या. विम्याच्या धंद्यात घंटेला मान जुना आहे. लंडनच्या लॉइड्स या जुन्या विमाबाजारात 1799 साली बुडालेल्या ल्युटीन जहाजाची घंटा आहे. बरेच दिवस पत्ता नसलेल्या जहाजाची खबर आली की ती वाजायची: जहाज गेलं तर एक टोला, सुखरूप परतलं तर दोन. मला यातला प्रामाणिकपणा आवडतो. आमच्या घंटेला तो एक टोला शिकवलेलाच नाही. सोमवारी जिच्यासाठी टाळ्या पडल्या ती फाईल गुरुवारी नामंजूर होते तेव्हा घंटा गप्प असते, आणि वाजवणारा प्रिंटरमधला कागद तपासत असतो.

क्लेम विभागात घंटा नाही, घड्याळ आहे. प्रत्येक क्लेमला टॅट असतो, निकाल द्यायची मुदत. डॅशबोर्डवर फाईल आधी हिरवी, मग पिवळी, मग लाल. आता यातली मेख ऐका. ग्राहकाकडे कागद मागितला, म्हणजे क्वेरी टाकली, की पुष्कळ ठिकाणी हे घड्याळ थांबतं, कारण आता उशीर ग्राहकाकडून आहे. म्हणून पिवळीची लाल व्हायच्या संध्याकाळी क्वेऱ्यांचा वळीव कोसळतो. ‘नावाच्या स्पेलिंगचा खुलासा द्यावा.’ ‘डिस्चार्ज कार्डावरचा शिक्का अस्पष्ट.’ कागद आला, घड्याळ चालू, फाईल पुन्हा पिवळी, दुसरी क्वेरी. लागणारे सगळे कागद पहिल्याच दिवशी एकदम मागितले तर आठवडे वाचतील. पण त्यासाठी पहिल्या दिवशी फाईल शेवटच्या पानापर्यंत वाचावी लागेल, आणि मॅनेजर संध्याकाळी विचारणार, आज किती फाईली ‘टच’ केल्या? वाचल्या किती, हा रकाना त्याच्या एक्सेलमध्ये नाहीच. क्लेमवाल्याच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे. मी आधी तो एक्सेल बघेन.

वर्षातून एकदा अप्रेझल, म्हणजे कामाचं मूल्यमापन, येतं. एडमंड हॅलीने, हो, तोच धूमकेतूवाला, 1693 साली ब्रेस्लाव शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून कोणत्या वयाची किती माणसं तगतात याचं कोष्टक मांडलं, आणि आयुर्विम्याच्या हिशेबाला पाया मिळाला. त्याला अख्खं शहर लागलं. मॅनेजरचं आठ माणसांत भागतं. आठांत एक उत्कृष्ट, एक कमकुवत, बाकी मधले, असं वरून आलेलं असतं, कारण आलेख घंटेच्या आकाराचा दिसला पाहिजे. (इथेही घंटाच.) मोठ्या संख्यांचा नियम, म्हणजे माणसं भरपूर असली तरच सरासरी भरवशाची ठरते तो, आठ जणांना लागत नाही, हे वरच्या मजल्यावरचा ॲक्चुअरी, म्हणजे जोखमीचं गणित मांडणारा माणूस, झोपेतही सांगेल. पण त्याचं अप्रेझलही त्याच घंटेखाली चाललेलं असतं, तो कशाला तोंड उघडतोय! कमकुवताची जागा बहुधा नुकत्याच बदलून आलेल्याला मिळते, कारण त्याची बाजू घेणारे साहेब जुन्या शाखेत राहिलेले असतात.

मग चांगली माणसं राजीनामे देतात. विम्यात याला प्रतिकूल निवड म्हणतात: सरसकट हप्ता वाढवला की निरोगी लोक बाहेर पडतात आणि आजारी तेवढे चिकटून राहतात. पगारवाढ सरसकट गोठवली की कोण चिकटून राहतं, यावर मी जास्त बोलत नाही. मी अजून इथेच आहे.

सोडून गेलेल्यांनी विकलेल्या पॉलिसी मागे उरतात. धंद्यात त्यांना ऑर्फन म्हणतात, अनाथ. त्या राहिलेल्यांच्या पदरात पडतात, कारण तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी नावाचा आणखी एक आकडा असतो: विकलेल्यांपैकी किती पॉलिसींचे हप्ते दुसऱ्या वर्षातही आले. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण विम्यासाठीच झाली असावी. फोन लावायचा आणि म्हणायचं, “साहेब, दुसरा हप्ता राहिलाय.” पलीकडे शांतता. मग, “दुसरा? मला तर एकदाच भरायचा म्हणाले होते.” म्हणणारा आता दुसऱ्या कंपनीत एरिया मॅनेजर असतो.

आणि कधीतरी कर्मचारी स्वतःच आजारी पडतो. कंपनीच्याच ग्रुप पॉलिसीत क्लेम टाकतो. क्लेमवाल्याने टाकलेला क्लेम, म्हणजे कागद कसे! बिलं तारखेनुसार, रिपोर्टांवर पानांचे नंबर, रद्द केलेला चेक जोडलेला, नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच. फाईल जाते शेजारच्या टेबलावर. हिरवी असते, पिवळी होते. लाल व्हायच्या संध्याकाळी पार्टिशनपलीकडे की-बोर्ड खडखडतो आणि इकडे मेल येऊन पडतो: ‘चेकवरील सही स्पष्ट दिसत नाही, प्लीज डू द नीडफुल.’ सीसीत तीन नावं.