भाषा शिकवायचीय म्हणून लगेच एमए? जरा थांबा

भाषेचं शिक्षक व्हायचंय तर थेट मास्टर्सला अॅडमिशन घेऊ का, असं बरेच जण विचारतात. माझं मत स्पष्ट आहे. करा, नक्की करा, पण आधी वर्षभर तरी कुणाला तरी शिकवा. दोनच विद्यार्थी असले, तेही ऑनलाइन, तरी चालेल.

"माझी मातृभाषा आहे, मला काय शिकायचंय त्यात" हे म्हणणं पहिल्याच आठवड्यात गळून पडतं. मराठीचंच घ्या. नवशिका विचारतो, "ती पुस्तक वाचते" पण "तिने पुस्तक वाचलं", मग वाचणारी तीच असताना क्रियापद पुस्तकाच्या मागे का गेलं? कर्तरी-कर्मणी प्रयोग आपण शाळेत मार्कांपुरते पाठ केलेले असतात, बोलताना कधी चुकत नाही म्हणून समजावायची वेळच आलेली नसते, आणि मग आपण "असंच असतं" म्हणून मोकळे होतो. तो विद्यार्थी पुढच्या वेळी विचारतच नाही.

अशा प्रश्नांचा साठा घेऊन एमएला गेलात तर थिअरी एकदम जिवंत होते. पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये मांडलं की विद्यार्थ्याच्या चुका म्हणजे निष्काळजीपणा नाही, त्याच्या डोक्यात भाषेचे काय नियम तयार होतायत ते त्यातून दिसतं. लॅरी सेलिंकरने १९७२ मध्ये विद्यार्थ्याच्या त्या, मातृभाषा आणि शिकायची भाषा यांच्या अधल्यामधल्या भाषेला इंटरलँग्वेज म्हटलं. नुसतं वाचलं तर परीक्षेला येणारी दोन नावं, पण महिनोन्महिने तीच ती चूक ऐकली असेल तर वाचताना एकेक चेहरा आठवतो!

मला सगळ्यात आवडलेला अभ्यास लिस्टर आणि रांटा यांचा, १९९७ चा. कॅनडातल्या फ्रेंच इमर्शन वर्गांत (म्हणजे जिथे बाकीचे विषयही फ्रेंचमधूनच शिकवतात) शिक्षक चुका कशा सुधारतात ते त्यांनी रेकॉर्ड करून तपासलं. निम्म्याहून जास्त वेळा शिक्षक चूक न दाखवता तेच वाक्य बरोबर करून म्हणायचे, आणि नेमकं त्यावरच मुलं स्वतःचं वाक्य सुधारण्याचं प्रमाण सगळ्यात कमी होतं. म्हणजे विद्यार्थी म्हणतो "मी पुस्तक वाचला", आपण गोड हसून "अरे वा, पुस्तक वाचलं?" आणि तो खुशीत "हो, वाचला". त्याला वाटतं आपण गप्पा मारतोय. उलट "काय म्हणालात, परत सांगा" असं अडवलं की तो स्वतःच वाक्य चाचपून बघतो. तरी सगळेजण पहिलाच मार्ग धरतात, कारण त्यात कुणाला ओशाळं वाटत नाही (शिक्षकाला तर अजिबातच नाही).

आता डिग्री कुठली निवडायची. रँकिंग, वेबसाइटवरचे हसरे फोटो वगैरे बाजूला ठेवा आणि प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष वर्गात शिकवण्याचा भाग, किती आहे ते बघा. सेल्टासारखा (इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र देणारा) साधारण १२० तासांचा छोटा कोर्स, त्यातही ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि ट्रेनर बसून बघतो. आणि काही एमए असे की सगळा वेळ पेपर लिहिण्यात जातो, खऱ्या वर्गात उभं राहावंच लागत नाही. अप्लाइड लिंग्विस्टिक्समध्ये (भाषा शिकणं-शिकवणं वगैरेंचा शास्त्रीय अभ्यास) संशोधनच करायचं असेल तर ठीक आहे, ते वेगळं काम आहे. पण शिकवायचं असेल तर माझ्या मते असली डिग्री अर्धवट आहे, नाव कितीही मोठं असो.

डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की शिक्षक होणारा माणूस हजारो तास विद्यार्थी म्हणून बाकावर बसलेला असतो आणि शिकवणं म्हणजे काय हे तो तिथूनच उचलतो. ते सेमिस्टरभर लेक्चर ऐकून निघत नाही. स्वतःच्या तासाचं रेकॉर्डिंग बघितलं, आपणच किती बोलतोय आणि प्रश्न विचारून सेकंदभरही न थांबता उत्तरही आपणच देतोय हे दिसलं, की मग हलायला लागतं.

म्हणून फी भरायच्या आधी डिपार्टमेंटला सरळ मेल टाका: माझा तास कोण बघणार, किती वेळा, आणि नंतर माझ्याशी बसून बोलणार का. ऑनलाइन कोर्स असेल तर व्हिडिओ मागवतात का तेही विचारा. उत्तरादाखल नुसतं ब्रोशर आलं तर दुसरं डिपार्टमेंट बघा.