पस्तीसपैकी सतरा

गुरुवारी संध्याकाळी साडेसातला दारावरची बेल वाजली की बायको विचारते, "आज कुठलं साल?" मी म्हणतो, "१९७४." मग ती म्हणते, "बरं, १९७४ मध्ये बसून इथलं दूध उतू जाऊ देऊ नकोस," आणि वर निघून जाते.

दारात आमचे शेजारी उभे असतात. वय अठ्ठ्याहत्तर, पोस्टातून निवृत्त, डोक्यावर न्यूयॉर्कच्या मेट्स या बेसबॉल टीमची निळी टोपी आणि काखेत बुटांचा खोका. मी त्यांना मनातल्या मनात नाना म्हणतो, कारण न्यू जर्सीतल्या या गल्लीत बर्फ साफ करण्यावरून सगळ्यांना सल्ला देणारा माणूस दुसरं काही असूच शकत नाही. खोक्यात बूट नसतात. त्यात अमेरिकेतल्या बेसबॉलच्या दोन लीगांपैकी एक, १९७४ सालची आख्खी नॅशनल लीग असते, पुठ्ठ्याच्या कार्डांवर, एकेका टीमला रबरबँड लावून.

खेळाचं नाव स्ट्रॅट-ओ-मॅटिक, म्हणजे टेबलावर बसून खेळायचं बेसबॉल. हॅल रिचमन नावाच्या गृहस्थांनी १९६१ मध्ये तो बाजारात आणला. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, कार्डावर तीन रकाने. तीन फासे टाकायचे. वेगळ्या रंगाचा फासा एक ते तीन दाखवत असेल तर बॅटरचं कार्ड बघायचं, चार ते सहा असेल तर पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं. उरलेल्या दोघांची बेरीज करून त्या ओळीत काय लिहिलंय ते वाचायचं. दोन फाशांच्या शक्यता छत्तीस, रकाने तीन, म्हणजे एका कार्डावर बरोबर १०८ जागा. हे लक्षात आलं तेव्हा मी नानांना आमच्या आजीच्या जपमाळेबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "मग तुझ्या आजीला कळलं असतं मी काय करतो ते."

त्या १०८ जागांमध्ये हिट (फटका मारून बेस गाठणं), होम रन, वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकटात मिळालेला बेस), बाद हे सगळं असं वाटलेलं असतं, की शे-दोनशे सामने खेळलात तर त्या माणसाची त्या सालची सरासरी साधारण तशीच निघावी. मला याचं भारी कौतुक वाटलं होतं. कारण मी वाढलो तो बुक क्रिकेटवर. इतिहासाचं पुस्तक मधेच उघडायचं आणि डाव्या पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक म्हणजे रन. डावं पान नेहमी समच असतं, त्यामुळे शून्य, दोन, चार, सहा, आठ एवढेच अंक. शून्य आला की आउट, आठ आला की आमच्या वर्गात रन नाही. हिशेब केलात तर प्रत्येक फलंदाजाची सरासरी बारा. गावस्करची बारा आणि चंद्रशेखरचीही बारा! प्रत्यक्षात गावस्करची कसोटीतली सरासरी एक्कावन्न, आणि चंद्राच्या आयुष्यभराच्या धावा १६७, विकेट २४२. पण इतिहासाच्या पुस्तकाला याचा पत्ता नव्हता. मी शाळेत चंद्राकडून दोन शतकं ठोकून घेतलेली आहेत.

तर अशा माणसाला एकशेआठ मण्यांचं शास्त्र सापडलं. तिथंच थांबायला हवं होतं.

आता पिंच हिटर. हा शब्द आपल्याकडे आला तेव्हा वाटेत जरा घसरला. आपल्याला पिंच हिटर म्हणजे वरच्या क्रमांकावर पाठवलेला तोडफोड्या. बेसबॉलमध्ये पिंच म्हणजे अडचण, पेच. सामना पेचात आहे, समोर दुबळा बॅटर उभा राहणार आहे, अशा वेळी बाकावरच्या दुसऱ्याला त्याच्या जागी पाठवायचं, तो पिंच हिटर. तो आला की ज्याच्या जागी आला तो गेला. त्या सामन्यात तो पुन्हा मैदानात येत नाही. आयपीएलमध्ये २०२३ पासून इम्पॅक्ट प्लेअर आला, तेव्हा नानांना मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढी वर्षं तुमच्या बाकावरचा माणूस करत काय होता?" मी म्हटलं, "पाणी आणत होता."

बेसबॉलमध्ये ही अडचण बहुतेक वेळा पिचरची असायची. पिचरला बॅटिंग येत नाही, हे जगजाहीर. अमेरिकन लीगनं १९७३ मध्येच त्याच्याऐवजी कायमचा बॅटर ठेवायची सोय केली. नॅशनल लीग मात्र तत्त्वाला चिकटून राहिली आणि २०२२ मध्ये तीही नमली. नाना त्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात, जसं आपण एखाद्याच्या घरच्या भानगडीबद्दल बोलतो. त्यांना १९७४ प्रिय आहे त्याचं हे अर्धं कारण.

उरलेलं अर्धं कारण म्हणजे एड क्रेनपूल.

क्रेनपूल मेट्सचा. ब्रॉन्क्सचा पोरगा, १९६२ पासून १९७९ पर्यंत त्याच एका टीमकडे अठरा हंगाम, कारकिर्दीची सरासरी .२६१, म्हणजे हजार संधींत २६१ हिट. चांगला, पण अंगावर काटा यावा असं काही नाही. मात्र १९७४ मध्ये पिंच हिटर म्हणून त्यानं पस्तीसपैकी सतरा वेळा हिट मारली. सरासरी .४८६. नाना त्या वर्षी अठ्ठावीस वर्षांचे होते आणि मेट्सच्या शेय स्टेडियममध्ये पडीक असायचे. मेट्स १६२ पैकी एक्क्याण्णव सामने हरले. नानांना ते एक्क्याण्णव आठवत नाहीत. त्यांना सतरा आठवतात.

क्रेनपूलचं कार्ड मी हातात घेऊन पाहिलंय. चारही कोपरे झिजून गोल झालेत, मधल्या रकान्यावर कॉफीचा अर्धचंद्र आहे आणि मागे पेन्सिलनं पाच-पाचाच्या गठ्ठ्यांत रेघोट्या. आमच्या टेबलावर त्यानं पिंच हिटर म्हणून केलेल्या कामगिरीची ती नोंद. गेल्या नाताळापर्यंत वीसपैकी चार.

"हे कार्ड खोटं आहे," नाना म्हणाले.

आता इथं शहाण्या माणसानं चिवड्याची बशी पुढे सरकवली असती. मी वही काढली. मी म्हटलं, कार्ड त्याच्या वर्षभराच्या सगळ्या बॅटिंगवरून बनतं. त्या साली त्याची एकूण सरासरी .३००, तेवढीच त्या १०८ जागांत वाटलेली. कार्डाला काय माहीत, आता नववी, म्हणजे शेवटची इनिंग आहे आणि हा बाकावरून उठून आलाय? पुढे म्हटलं, पस्तीस संधी म्हणजे काहीच नाही. .२६१ वाल्या माणसाला पस्तीस संधी दिल्या तर नऊ हिट व्हाव्यात, पण निव्वळ नशिबानं त्या पाच काय आणि तेरा-चौदा काय, कितीही होऊ शकतात. सतरा म्हणजे लॉटरी लागली. आणि एवढ्या थोड्या संधींवर कार्ड काढायचं तर एडी गेडेलचं काढा! १९ ऑगस्ट १९५१, सेंट लुईस ब्राउन्स या टीमचा मालक बिल व्हेक यानं तीन फूट सात इंचाच्या या गेडेलला पाठीवर १/८ असा नंबर लावून पिंच हिटर म्हणून पाठवलं. बॅट हलवायची नाही, अशी सक्त ताकीद. पिचरला एवढ्याशा जागेत चेंडू टाकता येईना, चार चेंडूंत वॉक. गडी बेसवर पोचला, बदली धावपटू आला, कारकीर्द संपली. बेसवर पोचण्याचं प्रमाण शंभर टक्के. बेसबॉलचा दैवत मानलेल्या बेब रूथलाही जमलं नाही.

नानांनी चिवड्यातला एक शेंगदाणा वेचून तोंडात टाकला. "तू शेयमध्ये नव्हतास," ते म्हणाले. यावर वहीत उत्तर नव्हतं.

खरं सांगायचं तर मी तिथेच जिंकलो होतो. पण माझ्यातला इंजिनीअर रात्री झोपत नाही. पिंच हिटिंगबद्दल वाचत बसलो तर वेगळंच निघालं. आकडेशास्त्राच्या मंडळींनी वर्षानुवर्षांचे आकडे चाळून दाखवलंय, की बाकावरून उठून आलेला बॅटर स्वतःच्या नेहमीच्या खेळापेक्षा साधारण दहा टक्के खालीच खेळतो. दोन-अडीच तास सूर्यफुलाच्या बिया चघळत बसलेला माणूस, अंग थंड, समोर नुकताच आलेला ताजा पिचर आणि संधी एकच. म्हणजे खेळ क्रेनपूलवर अन्याय करत नव्हता, उलट सगळ्याच पिंच हिटरांचे लाड करत होता! बाकावर गारठलेल्या माणसाला कार्ड पहिल्या इनिंगपासून खेळणाऱ्याइतकंच ऊन दाखवत होतं.

पुढच्या गुरुवारी मी नवा नियम मांडला. नाव ठेवलं 'गारठा'. पिंच हिटरची हिट निघाली की खेळातला वीस बाजूंचा फासा टाकायचा. एक किंवा दोन आला की हिट रद्द, गडी बाद. विसात दोन, म्हणजे चोख दहा टक्के.

नाना बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "गिब्सनला गारठा होता का?"

१९८८ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची मालिका, पहिला सामना. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सचा कर्क गिब्सन, दोन्ही पाय दुखावलेले, नवव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना लंगडत आला आणि पिचर डेनिस एकर्सलीच्या चेंडूवर होम रन मारून सामना घेऊन गेला. त्या सबंध सिरीजमध्ये तो तेवढा एकदाच बॅटिंगला आला. मी म्हटलं, "तो आत स्टँडवर चेंडू ठेवून फटके मारत होता, अंग गरम करत होता." नाना म्हणाले, "मग क्रेनपूलही करत असेल. तुला काय माहीत? तू नव्हतास."

शेवटी त्यांनी नियम मान्य केला, तोही संशयास्पद लवकर. कारण दहा मिनिटांत कळलं. नाना स्वतः मेट्स घेतात आणि मला डॉजर्स देतात. खऱ्या डॉजर्सनी १९७४ मध्ये १०२ सामने जिंकले होते, तरी माझ्या हातात ते हरतात, हा वेगळा विषय. तर माझ्या बाकावर असतो मॅनी मोटा. जवळजवळ फक्त याच कामासाठी ठेवलेला माणूस, कारकिर्दीत १५० पिंच हिट. आठवी इनिंग, मोटाला पाठवलं, फासे टाकले, खणखणीत हिट. नानांनी अत्यंत मायेनं वीस बाजूंचा फासा माझ्यासमोर ठेवला. आला दोन.

"गारठा," नाना म्हणाले. मराठीत! एवढा एक शब्द त्यांनी आठवडाभर पाठ केला असावा.

त्या रात्री दीड वाजता मला ज्ञान झालं. मोटा त्या वर्षी बहुतेक वेळा पिंच हिटर म्हणूनच खेळला, म्हणजे त्याच्या कार्डावर जी सरासरी छापली आहे तिच्यात गारठा आधीच मुरलेला आहे. त्यावर माझा फासा म्हणजे दुहेरी कापणी, पगारातून कर कापून घेतलेल्याला पुन्हा चलन भरायला लावण्यातली गत. गारठा लागायला हवा तो रोज सुरुवातीपासून खेळणाऱ्याला, ज्याला एखाद्या दिवशी विश्रांती देऊन नवव्या इनिंगमध्ये हळूच बाहेर काढतात. त्याचं कार्ड उबेत बनलेलं असतं. बायकोला हलवून उठवलं आणि सांगितलं. तिनं डोळे न उघडता विचारलं, "वर्षाला किती फरक पडतो?"

मी वही काढली. .३०० चा बॅटर, पस्तीस संधी, साडेदहा हिट. त्याचे दहा टक्के म्हणजे एक. एका हंगामात एक हिट.

"एका हिटसाठी तू मला उठवलंस," ती म्हणाली आणि कूस बदलली.

दुरुस्तीवर नानांशी तीन गुरुवार वाटाघाटी चालल्या. ठरलं ते असं: मोटाला गारठा माफ, नेहमीच्या खेळाडूंना लागू. क्रेनपूल वर्षात थोडा सुरुवातीपासून आणि थोडा बाकावरून खेळलेला, म्हणून त्याला अर्धा गारठा, फक्त एक आला तर बाद. नानांनी हे कलम कार्डाच्या मागे रेघोट्यांखाली लिहून त्यावर सही केली. माझीही घेतली.

परवाच्या गुरुवारची गोष्ट. नववी इनिंग, मी एका रननं मागे, दोन बाद, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर माणसं. मी मोटाचं कार्ड काढलं. तेवढ्यात बायको माझा फोन हातात धरून जिना उतरली. इथे साडेआठ म्हणजे साताऱ्यात सकाळचे सात, आईचा पहिला चहा झालेला. आईचा फोन थांबवायची पद्धत आमच्याकडे नाही. आणि नानांना नऊला गोळ्या घ्यायच्या असतात, तेही थांबत नाहीत.

"तू टाक," मी बायकोला म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेलो. "हो आई, जेवलो. नाही, बर्फ नाही आज."

आमचे फासे पोळीच्या डब्याच्या झाकणात टाकले जातात, आवाज होऊ नये म्हणून खाली हातरुमाल. तरी खळखळ ऐकू आली. मग शांतता. मग नानांचा एक लांब सुस्कारा आणि बायकोचं, "म्हणजे काय झालं? चांगलं की वाईट?"

चांगलं. मोटाची सिंगल, म्हणजे एका बेसची हिट, दोघंही घरी, दोन रन, डॉजर्स जिंकले. खेळाचा एकही नियम माहीत नसलेली, वरून थेट थंड उतरलेली बाई, संधी एक, हिट एक. सरासरी १.०००. गेडेलच्या शेजारी बसवावी अशी.

मी फोन ठेवून धावत आलो. नाना पुढच्या सामन्यासाठी कार्डं पिसत होते, माझ्या खुर्चीवर बायको बसली होती आणि तिच्यापुढे डॉजर्स मांडलेले होते.

"उठ ना," मी म्हटलं.

नानांनी टोपी नीट केली. "बदललेला खेळाडू," ते म्हणाले, "परत येत नाही." आणि बायकोनं मान न वळवता माझ्याकडे रिकामा कप सरकवला. "आलं घाल जरा. आणि दुधाकडे बघ."