‘छोट्या साइटला कोण हॅक करतंय?’

सध्या एक मेसेज फिरतोय. छोटी वेबसाइट चालवणाऱ्यांना धीर देणारा आहे, म्हणून जो तो तो पुढे ढकलतोय. थोडक्यात असा: छोट्या साइटकडे हॅकर ढुंकूनही बघत नाहीत, ॲड्रेस बारमध्ये कुलूप असलं की साइट सुरक्षित, अपडेटने साइट मोडते, तेव्हा चालतंय ते चालू द्या, फारच भीती वाटली तर दोन-तीन मोफत सिक्युरिटी प्लगइन (साइटला जोडायचे छोटे प्रोग्राम) टाका, आणि काही झालंच तर बॅकअप आहेच.

पहिल्या मुद्द्यात गृहीत धरलंय की कुणीतरी बसून साइट निवडतो. निवडायला कुणी बसलेलंच नसतं. बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, एकेक पत्ता ठोठावत जातो आणि अमुक प्लगइनची जुनी आवृत्ती सापडली की आत शिरतो. साइटवर रोज दहा माणसं येतात की दहा हजार, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तुमचा मजकूरही त्याला नको असतो. स्पॅम मेल पाठवायला, बनावट लॉगिन पान ठेवायला, वाचकाला भलत्याच साइटवर वळवायला तुमचा सर्व्हर हवा असतो. ॲक्सेस लॉग, म्हणजे कोण काय मागून गेलं याची सर्व्हरवरची नोंद, एकदा उघडून बघा. तुमची साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर नसली, तरी वर्डप्रेसच्या लॉगिन पानाची चौकशी करून गेलेले सापडतील.

कुलपाबद्दल फार बोलायला नको. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामधला प्रवास एन्क्रिप्ट होतो, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येत नाही, एवढंच ते सांगतं. सर्व्हरवर मालवेअर (घातक कोड) असेल तर तोही तसाच सुखरूप वाचकापर्यंत पोचतो. त्या कुलपासाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, तुम्हालाही आणि फसवणाऱ्यालाही. लोक कुलपाचा भलता अर्थ लावतात म्हणूनच २०२३ मध्ये क्रोमने ॲड्रेस बारमधून ते चिन्ह काढून टाकलं.

अपडेट टाळण्याचा सल्ला मात्र मला सगळ्यात घातक वाटतो. १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपलने (हेही वर्डप्रेससारखंच सॉफ्टवेअर) आपल्यातली एक मोठी त्रुटी जाहीर केली आणि दुरुस्तीही दिली. दोन आठवड्यांनी त्यांच्याच सुरक्षा पथकाला सांगावं लागलं, की घोषणेनंतर ७ तासांत ज्यांनी अपडेट केलं नाही, त्यांनी आपली साइट फुटली असंच समजावं. सात तास! वर्डप्रेसने २०१७ मध्ये ४.७.२ आवृत्ती आधी दिली आणि तिने बुजवलेल्या मोठ्या त्रुटीची वाच्यता मुद्दाम काही दिवसांनी केली, तरी मागे राहिलेल्या साइटांची लाखो पानं विद्रूप झाली.

अपडेटने कधी कधी साइट मोडते, हे खरंच आहे. पण मोडलेली दिसते तरी, फुटलेली बरेचदा दिसतही नाही. वर्डप्रेस स्वतःचे छोटे अपडेट २०१३ पासून आपोआप घेतं. प्लगइनसाठी तशी सोय २०२० मध्ये आली, पण ती आपण चालू करावी लागते. आणि कधी अपडेटमधूनच घाण येते: २०१७ मध्ये ‘डिस्प्ले विजेट्स’ हा प्लगइन विकला गेला आणि नव्या मालकाने त्यात चोरदरवाजा घातला. म्हणून मुळात प्लगइनच कमी ठेवा. नको असलेला नुसता बंद करू नका, काढून टाका. बंद प्लगइनच्या फाइली सर्व्हरवर तशाच पडून असतात.

आता ते दोन-तीन मोफत प्लगइन. दोन फायरवॉल (नको त्या विनंत्या अडवणारे पहारेकरी) एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि साइट रांगायला लागते. शिवाय प्लगइन साइटच्याच घरात राहतो. आत शिरलेल्या मालवेअरला जेवढे अधिकार, तेवढेच त्याला, त्यामुळे मालवेअर त्याला गप्प करू शकतो. निवडताना एवढंच विचारा: हे साधन अडवतं, शोधतं की साफ करतं? मोफत आवृत्तीला नवे नियम कधी मिळतात? वर्डफेन्स या सिक्युरिटी प्लगइनच्या मोफत आवृत्तीला नवे फायरवॉल नियम ३० दिवस उशिरा मिळतात. वरचे ७ तास आठवा. म्हणजे ती निरुपयोगी आहे असं नाही, पण अपडेटची जागा ती घेऊ शकत नाही. सर्व्हरच्या पुढे उभी राहणारी क्लाउड फायरवॉल बरी, पण सर्व्हरने फक्त तिच्याकडूनच आलेली विनंती स्वीकारली पाहिजे. नाहीतर सर्व्हरचा मूळ आयपी पत्ता माहीत असणारा वळसा घालून येतो. बाहेरून तपासणारा स्कॅनर साइटने दाखवलं तेवढंच बघतो. सर्चमधून मोबाइलवर आलेल्यालाच भलतीकडे वळवणारे मालवेअर असतात. मालकाला साइट ठणठणीत दिसते.

राहिला बॅकअप. तो त्याच सर्व्हरवर असेल तर साइटबरोबर तोही जातो. आणि संसर्ग जुना असेल तर बॅकअपमध्येही तोच असतो. हे मी एका साइटवर शिकलो. दोनदा बॅकअप चढवला, दोनदा मालवेअर परतला. तिसऱ्यांदा अपलोड्स फोल्डर उघडला, तर फोटोंच्या गर्दीत एक पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, निवांत बसली होती. ती काढली, त्या फोल्डरमध्ये पीएचपी चालणं बंद केलं, अनोळखी ॲडमिन खाती उडवली, होस्टिंग, डेटाबेस आणि एफटीपीचे (सर्व्हरवर फाइली चढवायची सोय) सगळे पासवर्ड बदलले. त्यानंतर तो परतला नाही.