पैसे घ्यायला पण पैसे

नाशिकच्या इंदिरानगरात आमचा घरगुती धंदा आहे, चिवडा, गोडा मसाला, नाचणीचे पापड आणि उन्हाळ्यात कुरडया. आजवर सगळं व्हॉट्सॲपवर चालायचं, कुणी मेसेज टाकायचं, मी डबा भरायचा, त्यांनी पैसे पाठवायचे आणि खाली स्क्रीनशॉट डकवायचा. हे ज्यांनी दिवाळीत केलंय त्यांनाच माहिती त्यातली मजा. ऑर्डर बायकोची, पैसे नवऱ्याच्या खात्यातून, स्क्रीनशॉट पाठवलाय तो दिराने, आणि रात्री साडेअकराला मी चष्मा लावून बसलेय की हे 480 नेमके कुणाचे. एका बाईंनी तर मागच्या वर्षीचाच स्क्रीनशॉट पाठवला होता, चुकून म्हणे.

म्हणून भाच्याने वेबसाइट बनवून दिली. छान बनवली हो, चिवड्याचा फोटो असा काढलाय की मलाच विकत घ्यावासा वाटला. मग म्हणतो, मामी आता फक्त पेमेंट गेटवे लावायचा राहिलाय. या मुलांचं ‘फक्त’ फार महागात पडतं.

मला वाटलं क्यूआर कोडचा फोटो साइटवर चिकटवला की झालं. मेन रोडला भाजीवाला, फुलवाला, पंचवटीत निर्माल्य गोळा करणारासुद्धा क्यूआर लावून बसतो, आपल्याला काय धाड भरलीये. भाचा म्हणाला, चिकटव, फुकट आहे, पैसे थेट खात्यात येतील, पण साइटला कळणारच नाही पैसे आले की नाही, परत तू चष्मा लावून बसणार. आता चष्म्याचं नाव काढल्यावर मी गप्प. गेटवेचं काम तेवढंच असतं बघा, पैसे आले की ती ऑर्डर आपोआप ‘पेड’ दिसते. बाकी यूपीआय, कार्ड, नेट बँकिंग सगळं एका पानावर.

आणि या कामाचे घेतात दोन टक्के. वर त्या दोन टक्क्यांवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे यूपीआयने आलेल्या 500 रुपयांच्या ऑर्डरमागे 10 रुपये आणि वर 1 रुपया 80 पैसे, आपल्या हातात 488 रुपये 20 पैसे. हा हिशोब मी घरात मोठ्याने केला ही गोष्ट महागात पडली, कारण पलीकडे सासरे बसले होते. अण्णा नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून रिटायर झालेत. तिथे 1928 पासून नोटा छापतात आणि अण्णांची उभी नोकरी तिथेच गेली, त्यामुळे पैसा म्हटला की तो हातात कडक लागला पाहिजे, त्यावर नंबर दिसला पाहिजे. ते म्हणाले, पैसे द्यायला पैसे लागतात हे ऐकलं होतं, घ्यायलाही लागतात? आम्ही एवढ्या नोटा छापल्या, कुणाला विचारलं का, की घेताना दोन टक्के ठेव म्हणून?

बरं, मी थोडं वाचलं होतं. 1 जानेवारी 2020 पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे पेमेंट घेतल्याबद्दल कापलं जाणारं कमिशन, घ्यायचाच नाही असं सरकारने ठरवलंय. मग माझ्याकडे यूपीआयचेही दोन टक्के का? हे मी गेटवेच्या मुलाला फोनवर विचारलं, नाव नाही सांगत कंपनीचं. तो म्हणाला, ‘मॅम, वो एमडीआर नहीं है, वो प्लॅटफॉर्म फी है.’ मी म्हटलं खिशातून तर तेवढेच जातात ना दादा? ‘जी मॅम.’ किती गोड आवाजात म्हणाला, भांडताही येईना.

दुसऱ्या कंपन्यांचे रेट पाहिले, कुणी थोडं कमी घेतं पण मग सेटअपचे मागतं, कुणी वर्षाचं भाडं मागतं, कुणाचं कार्डाला वेगळं, ईएमआयला वेगळं, परदेशी कार्डाला तीन टक्क्यांच्या पुढे. चिवडा ईएमआयवर कोण घेणार हा प्रश्न मी विचारला नाही. अमेरिकेतल्या नणंदेने पेपॅल ही तिकडची ऑनलाइन पेमेंटची कंपनी सुचवली, तर पेपॅलने 1 एप्रिल 2021 पासून भारतातल्या भारतात पैसे घ्यायचं बंदच केलंय, आणि माझं गिऱ्हाईक सिडको आणि गंगापूर रोडचं.

शेवटी एक कंपनी ठरवली आणि मग सुरू झालं केवायसी, म्हणजे ओळखीची कागदपत्रं. पॅनवर माझं माहेरचं नाव, बँकेत सासरचं, शॉप ॲक्टवर धंद्याचं नाव, आणि त्या तिघांच्या पत्रिका जुळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कॅन्सल्ड चेक दिला. खाद्यपदार्थ विकायला लागतं ते एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन दिलं. जीएसटी नंबर मी आधीच काढलेला होता, महाराष्ट्राबाहेर डबा पाठवायचा तर तो लागतोच. मग खातं माझंच आहे का हे बघायला त्यांनी खात्यात एक रुपया टाकला. अण्णांच्या मोबाइलवर मेसेज आला, कारण खात्याला नंबर त्यांचा जोडलेला. कोण ही कंपनी, एक रुपया का पाठवला, परत कर, फ्रॉड असेल. अर्धा तास गेला त्यात, आणि त्या एका रुपयावर त्यांचा आजही विश्वास नाही.

तेवढ्यात साइट रिजेक्ट. का, तर पॉलिसीची पानं नाहीत. नियम, प्रायव्हसी, शिपिंग, रिफंड, संपर्क, एवढी पानं पाहिजेत म्हणे. मला ते पटलं खरं तर, गिऱ्हाइकाला कळायला नको का पैसे परत कसे मिळणार ते? पण भाच्याने कुठून तरी तयार पानं उचलून चिकटवली आणि माझ्या चिवड्याच्या रिफंड पॉलिसीत लिहून आलं, की वस्तू वापरलेली किंवा धुतलेली नसावी, टॅगसहित असावी, साइझ बदलून मिळेल. हे अप्रूव्ह झालं. मी कुणाला काही बोलले नाही, हळूच बदललं, ‘फोडलेलं पाकीट परत घेतलं जाणार नाही’ एवढं लिहिलं. धुतलेलं नसावं हे मात्र कुरडईसाठी ठेवावं की काय असा विचार आला होता.

सुरू झालं एकदाचं. तर पैसे लगेच येत नाहीत. आधी त्यांच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे दुसऱ्यांचे पैसे मध्ये सांभाळून ठेवायच्या खात्यात, बसतात आणि आपल्याला कामकाजाच्या दोन दिवसांनी मिळतात, मध्ये शनिवार रविवार आला की आणखी लांब. अण्णांचा लगेच सवाल, मधल्या दिवसांचं व्याज कुणाला? याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि खरं सांगू, प्रश्न चुकीचाही नाही.

कॅश ऑन डिलिव्हरी पण ठेवून बघितली. माणसं रात्री भूक लागली की ऑर्डर टाकतात आणि सकाळी पोट भरलेलं असलं की पार्सल घेत नाहीत. डबा जळगाव बघून परत येतो, जायचं यायचं भाडं आपलं, आणि चिवडा प्रवासात असा मऊ पडतो की घरच्यांनाच खावा लागतो. आता बंद केली ती.

सगळ्यात घाबरवणारा फोन म्हणजे ‘पैसे कटले पण ऑर्डर दिसत नाही’. पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं आता पोलीस येणार. पण याला रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, सप्टेंबर 2019 चा, की असे अडकलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत गेले पाहिजेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये ग्राहकाला. हा नियम मी आता इतक्या ठसक्यात सांगते की समोरचा मलाच बँकेतली समजतो. एक काका तर म्हणाले, मग येऊ देत सावकाश.

परवा समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी साइटवरून मसाला मागवला. कौतुकाने हो, मला आधार म्हणून. आधी फोन करून विचारलं, माझा कार्ड नंबर तुला दिसेल का ग? म्हटलं नाही काकू, तो गेटवेच्या पानावर जातो, मला काही दिसत नाही. मग पेमेंट केलं आणि पाच मिनिटांत पिशवी घेऊन स्वतःच दारात हजर. ‘अगं समोरच राहते मी, कुरियरचे 60 रुपये कशाला लावलेस? दे परत.’

मी म्हटलं काकू, रिफंड टाकते, पाच-सात दिवसांत कार्डावर जमा होईल. तर म्हणे 60 रुपयाला सात दिवस? मी कपाटातून 60 रुपये रोख काढून आणले. अण्णा आतून बघत होते, नोट बघून त्यांना किती बरं वाटलं असेल. काकूंनी नोटांकडे पाहिलं, पर्स बंद केली आणि म्हणाल्या, ‘रोख कुठे सांभाळत बसू ग, जीपेच कर ना.’