मागची सीट म्हणजे सोफा नव्हे!

नवी गाडी शोरूममधून निघते, चाकाखाली लिंबू फुटतं आणि दुसऱ्या दिवशी गाडी थेट सीट कव्हरवाल्याच्या दारात उभी. बेळगाव असो, निपाणी असो की खानापूर, सगळीकडं हीच तऱ्हा. मागच्या सीटवर फोमचा थर, त्यावर जाड रेक्झिन, शिलाई एकदम टाइट. आणि त्या शिलाईखाली बेल्टची बकलं आणि लहान पोराची वेगळी 'चाइल्ड सीट' अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या कायमच्या गाडल्या जातात. विचारलं तर वर ऐकवतात, "मागं कोण बेल्ट लावतंय ओ?" अहो, पोर बसणार आहे तिथं! त्याची सीट कशाला बांधायची, तुमच्या रेक्झिनला?

आयसोफिक्स म्हणजे काय, हे कव्हर शिवणाऱ्याला माहीत नसतं आणि गाडी विकणारा सांगत नाही. पाठ आणि बैठक जिथं मिळतात त्या फटीत ६ मिलिमीटर जाडीच्या दोन लोखंडी कड्या असतात. दोघींत अंतर २८ सेंटीमीटर. त्या थेट गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात, म्हणूनच चाइल्ड सीट त्यांना धरून राहते. आता तिथं कव्हर आणि फोम आला की चाइल्ड सीटचे दोन हात कडीपर्यंत पोचतच नाहीत. जोर लावला की एक हात 'खट्' करून बसतो, दुसरा अर्धवट अडकतो. हातावरची खूण लालच राहते आणि माणूस म्हणतो, बसली की. नाही बसली! दोन्हीकडं हिरवी खूण दिसली पाहिजे आणि सीट ओढून बघितल्यावर सुटता कामा नये. ब्लेड घेऊन शिलाई उसवा, फट मोकळी करा. दोनशे रुपयांची शिलाई गेली तर गेली.

बरं, आयसोफिक्स बसलं म्हणजे काम झालं असंही नाही. नुसत्या दोन कड्यांवर सीट पुढं झुकते आणि धडकेत पोराचं डोकं पुढच्या सीटवर आदळू शकतं. म्हणून तिसरा आधार लागतो: वरून मागं जाणारा टॉप टेदर किंवा पायाशी टेकणारा सपोर्ट लेग. टेदरचा पट्टा हेडरेस्टच्या दोन दांड्यांमधून घेऊन पाठीमागच्या, जहाजाच्या नांगराची खूण असलेल्या कडीतच अडकवायचा. डिकीतल्या सामानाच्या हुकाला लावलेला टेदर म्हणजे न लावलेलाच. तो हुक पिशवीसाठी आहे, झटक्यात उपटतो. सपोर्ट लेग असेल तर पाय ठेवायच्या जागी जमिनीत झाकणाचा कप्पा आहे का बघा. पोकळ झाकणावर तो पाय टेकवायचा नाही.

जुन्या गाडीत आयसोफिक्स नसेल तर तीन पॉइंटच्या, म्हणजे खांदा आणि कंबर दोन्हीवरून जाणाऱ्या बेल्टनंही सीट पक्की बसते, पण नीट बांधली तर. आणि नीट बांधायला कुणाला सवड आहे? गाडीचं हेडरेस्ट चाइल्ड सीटला पुढं ढकलत असेल तर काढा. बेल्ट सीटवर दाखवलेल्या वाटेनंच घाला: पोराचं तोंड पुढं असेल तर लाल खुणांतून, मागं असेल तर निळ्या. पीळ राहू देऊ नका. बकल लावा, मग गुडघा सीटमध्ये रोवून अख्खं वजन टाका आणि खांद्याकडचा पट्टा ओढत कमरेकडचा ढिलेपणा काढा. सीटला लॉकचा चिमटा असेल तर तो बंद करा, कारण आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांतला बेल्ट फक्त झटका बसल्यावर अडकतो, एरवी मोकळाच सरकतो. मग बेल्ट जिथून जातो तिथं धरून हलवा. अडीच सेंटीमीटरच्या वर हलली तर पुन्हा पहिल्यापासून. वरचं टोक धरून हलवणारे उगीच घाबरतात; तिथं थोडी हलतेच.

एवढं करूनही काही गाड्यांत बकलाची दांडी इतकी लांब असते की बकल सीटच्या कडेवरच येऊन आडवं होतं. ताण पट्ट्यावर न येता बकलावर येतो. ही जोडी चालतच नाही, दुसरी सीट किंवा दुसरी जागा बघायची. मधल्या जागेला नुसता कमरेचा बेल्ट असेल तर तीही रद्द. म्हणूनच 'युनिव्हर्सल' असं खोक्यावर वाचून ऑनलाइन मागवणाऱ्यांचा राग येतो. गाडीच्या पुस्तकात कुठल्या जागी कुठली सीट चालते याचा तक्ता असतो, ते पुस्तक मात्र प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच निघत नाही.

आणि घरातली मंडळी! "मांडीवर घेते की, कशाला एवढे पैसे?" ताशी ५० च्या वेगातली गाडी अर्ध्या मीटरच्या आत थांबली तर १० किलोचं लेकरू त्या क्षणी २०० किलोच्या जोरानं पुढं जातं. कुठली मांडी, कुठले हात धरणार? चोर्ला घाट असो की पुणे-बंगळूर हायवे, पुढून आलेल्या ट्रकला आजीची माया दिसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानं १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट सक्तीची केली आहे, पण आपल्याकडं पोर अजून दोन सीटांच्या मधे उभं राहून काचेतून बघतंय!

तान्ह्याला तर मागं तोंड करूनच बसवायचं, निदान १५ महिन्यांपर्यंत, सीटच्या मर्यादेत बसत असेल तर त्यापुढंही. मान अजून कच्ची असते. आणि चालू एअरबॅगपुढं ती सीट कधीही नको, एअरबॅग फुटून सीटच्या पाठीवर म्हणजे पोराच्या डोक्यामागंच आदळते.

थंडीत जाड स्वेटर घालून वरून हार्नेस, म्हणजे चाइल्ड सीटचे पोराला बांधायचे पट्टे आवळतात, तेही बंद करा. धडकेत लोकर दबते आणि पट्टा ढिला पडतो. स्वेटर काढा, पट्टा आवळा, खांद्यापाशी चिमटीत पट्टा धरता येतोय का बघा. येत असेल तर अजून आवळा. शाल वरून पांघरा.