कुर्रर्र करण्याआधी कान तपासा

भाच्याच्या बारशाला कानात नाव मी सांगितलं. आत्याचा मान. पाठीवर सगळ्यांचे धपाटे खाल्ले, कुर्रर्र केलं, पेढे वाटले. ते नाव त्याला ऐकूच गेलं नव्हतं, हे आम्हाला कळायला सव्वीस महिने लागले. ते सव्वीस महिने अजून टोचतात, म्हणून हे लिहितेय.

घरात समजूत घालायला माणसं भरपूर होती. मुलगे उशिराच बोलतात. ह्याचा बाप तरी कुठे लवकर बोलला? आईनं जिभेला वेखंड लावून पाहिलं. आम्ही मागून थाळी वाजवली, तो वळला, सगळे निश्चिंत! थाळीचा दणका फरशीतून कळतो, हात हललेला डोळ्यांच्या कडेला दिसतो, हे आमच्यापैकी कुणाला माहीत होतं? ऐकू न येणारं बाळसुद्धा पहिले काही महिने हुंकार देतं, आ-ऊ करतं. मग ते हळूहळू कमी होत जातं, आणि आपण म्हणतो, शांत आहे हो पोर.

खरं तर खूण पहिल्या आठवड्यातच होती. जन्मल्यावर त्याला कावीळ इतकी चढली की रक्त बदलावं लागलं, सात दिवस काचेच्या पेटीत होता. एवढी कावीळ ऐकण्याच्या नसेला इजा करू शकते. हे वैद्यकशास्त्राला जुनंच ठाऊक आहे. पण घरी सोडताना हातात दिलेल्या कार्डावर बीसीजी होतं, पोलिओचा शून्य डोस होता, हिपॅटायटिस बी होतं, वजन ग्रॅमपर्यंत लिहिलेलं होतं. कानाबद्दल एक अक्षर नव्हतं. कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

ओळखलं ते अंगणवाडीच्या ताईंनी. "हा गाण्याला माझ्या तोंडाकडे बघतो, मी पाठ फिरवली की थांबतो," एवढंच त्या म्हणाल्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आल्यावर त्यांनी त्याला मुद्दाम पुढे केलं, तिथून जिल्हा रुग्णालय, तिथून बेरा, म्हणजे आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी तपासणी. आदल्या रात्री त्याला जागवायचं, सकाळी औषध देऊन झोपवायचं, डोक्याला तारा लावायच्या. दोन्ही कानांत तीव्र दोष. हा कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून देशभर सुरू झाला, त्याच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे. ताईंचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण मूल अंगणवाडीत पोचेपर्यंत थांबणं परवडत नाही हो! पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभरचा दंडक आहे. आवाज आणि बोली शिकण्यासाठी मेंदू पहिली तीन-साडेतीन वर्षं सगळ्यात तयार असतो. त्यातली दोन आमची थाळी वाजवण्यात गेली.

आणि चाचणी ती केवढी? झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची बारीक नळी ठेवतात, टिकटिक आवाज सोडतात, आतला कान उलट जो क्षीण प्रतिसाद देतो तो यंत्र टिपतं. काही मिनिटांत होते. तिला ओएई म्हणतात. एक लक्षात ठेवा: बाळ पेटीत राहिलेलं असेल, कावीळ जास्त झाली असेल, तर ओएई 'पास' आली तरी भागत नाही. दोष नसेत असला तर तो तिच्यात सुटू शकतो. मेंदूपर्यंतचा रस्ता पाहणारी बेरासारखी तपासणी मागून घ्या.

पुढचं थोडक्यात सांगते. आधी दोन्ही कानांना ऐकण्याचं मशीन. कान वाढतो तसा मोल्ड, म्हणजे मशीनचा कानात बसणारा साचा, बदलायचा, नाहीतर शिट्टी वाजत राहते. मशीन तो उपटून फेकायचा, म्हणून वहिनीनं कानटोपी शिवली. पावसाळ्यात रोज रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. मग तिसऱ्या वर्षी केंद्राच्या एडिप योजनेतून, म्हणजे दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून, कॉक्लिअर इम्प्लांट झालं: ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र. जन्मजात दोष असलेल्या मुलांना त्यासाठी पाच वर्षांची वयोमर्यादा आहे, कागद जमवण्यात वेळ घालवू नका. ऑपरेशन झालं की मूल बोलेल, असं नातेवाइकांना वाटतं. खरं काम त्यानंतर असतं. मॅपिंगच्या (यंत्राचा आवाज त्याला जुळवून घेण्याच्या) खेपा, स्पीच थेरपी, आणि घरी दिवसभर वहिनीची बडबड: "भाकरी थापते, ऐक, थप थप. आता तव्यावर टाकली." आज तो साडेपाच वर्षांचा आहे, पण इम्प्लांटपासून मोजलं तर त्याचं ऐकण्याचं वय अडीच. त्याच्या वयाच्या पोरांशी त्याची तुलना करणाऱ्यांना मी हे दरवेळी सांगते.

वहिनीला "गरोदरपणी काय खाल्लंस?" विचारणाऱ्या बायकांवर मात्र मी अजून चिडते. आणि 'मुका' म्हणणाऱ्यांवरही. त्याचा गळा ठणठणीत आहे, त्याच्यापर्यंत शब्द पोचले नव्हते.

यंदा त्याला बहीण झाली. दुसऱ्या दिवशी वहिनीनं स्वतः मागून ओएई करून घेतली. डाव्या कानाला 'रेफर' आलं, म्हणजे पास नाही, पुन्हा तपासा; आमच्या पोटात गोळा. जन्मानंतर कानात पाणी, चिकटा असला तरी असं येतं, घाबरू नका पण पुन्हा नक्की या, असं तिथल्या ऑडिओलॉजिस्टनं नीट समजावलं. तीन आठवड्यांनी दोन्ही कान पास. आईनं तेलाची वाटी आणली तेव्हा वहिनी म्हणाली, टाळू भरा, कानात थेंब नको. बारसं आम्ही त्यानंतर केलं.

सातारा-सांगलीकडच्या कुणाला बेरा कुठे होते, एडिपला कोणते कागद लागतात, हे हवं असेल तर इनबॉक्समध्ये लिहा. आमची सगळी फाईल माझ्याकडे आहे, आणि वहिनी दुपारी दोननंतर फोनवर बोलायला तयार आहे.